कितव्या नंबरला घेतलं

आमच्या पप्पांना कुठल्याच खेळात रस नव्हता. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला, टेकडीवरच्या स्टेडियममध्ये शनिवारी सामना असला की अख्खं गाव लाल मफलर गळ्यात घालून आमच्या खिडकीखालून जायचं. दुपारी गोल झाल्याचा गलका थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि पप्पा वैतागून खिडकी लावून घ्यायचे. मराठी मंडळी कुणाकडे जमली आणि क्रिकेटवर बोलणं सुरू झालं की ते हळूच उठून यजमानांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभे राहायचे. असा माणूस पुरं दीड वर्ष अमेरिकन फुटबॉलच्या मागे लागला होता, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ते पटत नाही. तेही खेळासाठी नाही. त्या खेळात कुणाला कितव्या नंबरला निवडतात आणि पुढे त्याचं काय होतं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी.

आम्ही गावाच्या कडेला, पाइनचं जंगल सुरू होतं तिथे, एका तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावर राहत होतो. पप्पा गणिताच्या एका संशोधन संस्थेत होते. आई अकोल्याची. तिने त्या घरात पहिल्या वर्षीच आपलं बस्तान बसवलं होतं. तुर्की दुकानातून कोथिंबीर आणि भेंडी, आशियाई दुकानातून ज्वारीचं पीठ, आणि मिरच्यांसाठी बाल्कनीत सहा कुंड्या. ठेचा करायचा तर दुपारी एकच्या आत करायचा, कारण एक ते तीन इमारतीत शांतता पाळायची असे आणि आईचा खलबत्ता दगडी होता. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबल, टेबलावर घरातला एकमेव कॉम्प्युटर. जवळच्या अमेरिकन तळावर मोठी मालवाहू विमानं उतरायची, ती इतक्या खालून जायची की मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजत. माझ्या आठवणीतलं ते घर म्हणजे त्या ताटांचा आवाज आणि त्यावर चढलेला आईचा आवाज, "अरे तुषार, जेवायला ये ना रे!" माझा धाकटा भाऊ तुषार आतून जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. त्याला मराठी सगळं कळायचं. बोलायचा मात्र कधीच नाही.

खालच्या मजल्यावर अर्ल अंकल राहायचे. अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेले, काळे, सहा फुटांहून उंच, गुडघे गेलेले. बायको इथलीच, ती वारली, तरी हे परत गेले नाहीत. आईने एकदा त्यांना वरणफळांचा डबा नेऊन दिला आणि तेव्हापासून दर आठवड्याला त्यांचा रिकामा डबा धुऊन, आत काहीतरी गोड घालून, आमच्या दारासमोर ठेवलेला असे. पप्पांना माणसांशी जमवून घेणं अवघड जायचं, पण अर्ल अंकलशी त्यांचं जमलं. एका शनिवारी संध्याकाळी पप्पा डबा आणायला म्हणून खाली गेले ते दोन तास वर आले नाहीत. आईने मला बघायला पाठवलं. खाली टीव्हीवर सैनिकांसाठीचं चॅनेल लागलं होतं. पप्पा सोफ्याच्या अगदी टोकाला बसले होते, बूटही न काढता.

पडद्यावर खेळ नव्हताच. एक मोठं सभागृह होतं. अर्ल अंकलनी मला समजावलं की दर वसंतात सगळे संघ कॉलेजातली पोरं निवडतात. गेल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी निवडतो, मग पुढचा, अशा सात फेऱ्या. पहिल्याला घेतलेला पहिला, शेवटी घेतलेला शेवटचा, आणि तो नंबर जन्मभर नावापुढे लागतो. कॅमेरा पुन्हा पुन्हा एका मुलाकडे जात होता. नवा कोरा सूट, शेजारी आई, समोर टेबलावर फोन. त्याला लवकर घेतील असं सगळे म्हणत होते आणि कुणी घेत नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की तो हसून टाळ्या वाजवायचा आणि त्याची आई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची.

"हा चांगला खेळतो?" पप्पांनी विचारलं.

"चांगला खेळतो," अर्ल अंकल म्हणाले. "पण आत्ता ज्याला घेतलं ना, त्याला चुकायला चार वर्षं मिळतील. याला चार आठवडे मिळतील."

 पप्पा माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "हा पोरगा आता म्हातारा होईपर्यंत हेच सांगत बसणार."

ते असं का म्हणाले, हे कळायला हवं असेल तर पप्पांबद्दल थोडं सांगावं लागेल. ते अमरावतीकडच्या एका खेड्यातले. घरात पहिले शिकलेले, आणि मुंबईतल्या एका नावाजलेल्या संस्थेत राखीव जागेवर दाखल झालेले. तिथे प्रवेशपरीक्षेतला नंबर हाच प्रत्येकाचा परिचय असे. पप्पांचा नंबर यादीत बराच खाली होता. पाच वर्षांनी ते वर्गात पहिले आले, तरी निरोपाच्या समारंभात एकाने त्यांना हसत हसत विचारलंच, "पण तुझा एंट्रन्सचा नंबर कितवा होता रे?" जर्मनीत आल्यावर तरी हे संपेल असं त्यांना वाटलं असावं. पण आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी घरच्या गणपतीला पुण्याचे एक गृहस्थ भेटले. पप्पांची संस्था ऐकून खूश झाले, वर्ष विचारलं, आडनाव पुन्हा एकदा विचारलं, आणि म्हणाले, "अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्ही त्या यादीतले." हातातला मोदक तसाच धरून पप्पा उभे होते. घरी परतताना बसमध्ये आई म्हणाली, "अहो, सोडा ना." ते म्हणाले, "मी काय धरलंय?"

म्हणून फुटबॉल. अर्ल अंकलकडे जुन्या वार्षिकांचा आणि मासिकांचा ढीग होता. पप्पांनी तो वर आणला. कुणाला कितव्या नंबरला घेतलं, तो किती वर्षं टिकला, किती सामन्यांत उतरला, उतरल्यावर काय केलं, हे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं ठरलं. संस्थेचं काम हे नव्हतं, हे त्यांचं स्वतःचं. भरायला मी. दर शनिवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही त्या फोटोखालच्या टेबलाशी बसायचो. पप्पा आकडे वाचायचे, मी टाइप करायची. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि तोपर्यंतच्या आयुष्यात पप्पांच्या इतक्या जवळ इतका वेळ कधी बसले नव्हते. त्यांच्या शर्टाला खोबरेल तेलाचा वास यायचा. मी न चुकता शंभर ओळी भरल्या की ते म्हणायचे, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

पहिल्या काही महिन्यांत आकड्यांतून जे निघालं त्याने पप्पा खट्टू झाले. आधी निवडलेले सरळसरळ जास्त यशस्वी दिसत होते. नंबर वर, कारकीर्द मोठी. म्हणजे निवडणाऱ्यांचं बरोबरच होतं. ते दोन आठवडे टेबलाकडे फिरकले नाहीत. मी मात्र एकटीच ती ओळ न् ओळ बघत बसले होते, आणि मला एक गोष्ट खटकत होती. मी त्यांना म्हटलं, "पप्पा, आधी घेतलेल्यांनी जास्त केलं खरं, पण त्यांना उतरवलंयही जास्त. एकदा उतरवल्यावर किती केलं, ते बघूया ना. आणि सगळ्यांची सगळ्यांशी तुलना नको. पहिल्या फेरीतले शेवटचे आणि दुसऱ्या फेरीतले पहिले, एवढेच घेऊ. त्यांच्यात तसा काय फरक असणार?"

पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"अर्लने सांगितलं?"

"नाही, पप्पा. मलाच वाटलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. अविश्वास म्हणता येणार नाही त्या बघण्याला. घरातली एखादी वस्तू भलत्याच जागी सापडल्यावर माणूस बघतो, तसं ते होतं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आम्ही तसं करून पाहिलं. आणि निघालं ते असं, की अगदी वरची काही नावं सोडली, तर दोन फेऱ्यांमधल्या त्या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे मैदानावर जवळजवळ सारखेच होते. फरक होता तो संधीचा. वरच्या फेरीतला चुकला तर त्याला पुन्हा उतरवत, पुन्हा शिकवत, त्याच्यासाठी प्रशिक्षक बदलत. खालच्या फेरीतला एकदा चुकला की बाकावर, आणि मग घरी. आपण निवडताना चुकलो हे संघाला कबूल करायचं नसे. पप्पांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. आईच्या हाताला कणीक होती. ती म्हणाली, "मला यातलं काय समजणार? पण तुम्ही हसताय ते बरं वाटतंय."

आता इथे मला आमच्या शाळांचं सांगायला हवं. जर्मनीत चौथीनंतर मुलांची वाटणी होते. हुशार समजली गेलेली गिम्नाझिउमला जातात आणि तिथून विद्यापीठात. बाकीची दुसऱ्या शाळांत, आणि तिथून बहुतेक कामधंदा शिकायला. वर्गशिक्षिका शिफारशीचं पत्र देते. आम्ही आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते, चौथी संपेपर्यंत माझं जर्मन अडखळतच होतं, आणि माझ्या पत्रात मधली शाळा आली, रेआलशुल. तुषार लहान वयात आलेला, घडाघडा बोलायचा, त्याच्या पत्रात गिम्नाझिउम आलं. माझ्या वेळी पप्पा घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "शाळेने ठरवलंय." तुषारच्या वेळी आईने पुरणपोळ्या केल्या.

तेव्हापासून घर तुषारच्या वेळापत्रकावर चालायचं. त्याला अभ्यासाला खिडकीजवळची खोली. गणिताला एक शिकवणी, लॅटिनला एक. आठवीत तो नापास होऊन त्याच वर्गात पुन्हा बसला, तर पप्पांनी सुट्टी टाकून शाळेत जाऊन शिक्षकांना भेटून घेतलं, शिकवणीचे मास्तर बदलले, आईला सांगितलं की त्याला टीव्हीचा आवाज येऊ देऊ नकोस. तुषार बिचारा खिडकीत बसून सायकलीचे भाग कागदावर काढत राहायचा. मला रेआलशुलमध्ये गणितात सगळ्यांत वरचे गुण पडायचे. मी प्रगतिपुस्तक दाखवायची, पप्पा सही करायचे आणि म्हणायचे, "छान. तिकडचं गणित सोपं असतं ना?"

संस्थेत शुक्रवारी दुपारी कॉफीबरोबर कुणीतरी हलकंफुलकं भाषण द्यायचं. पप्पांनी आपला फुटबॉल तिथे मांडला. आई साडी नेसून आली, अर्ल अंकल टाय लावून आले. लोकांनी टेबलावर बोटांनी टकटक करून दाद दिली, तशी तिथली पद्धत. शेवटी पडद्यावर एक ओळ होती, आकडे भरण्याचं काम माझ्या मुलीने केलं म्हणून. मला तेव्हा आनंदाने रडू आलं होतं. आज ती ओळ आठवली की दात शिवशिवतात.

मी दहावीत होते. गुण चांगले असले तर रेआलशुलमधूनही गिम्नाझिउमच्या वरच्या वर्गांत जाता येतं, आणि माझे गुण चांगलेच होते. मी फॉर्म आणून पप्पांना दिला. ते म्हणाले, "बघू." शिवाय एका प्रयोगशाळेत साहाय्यकाचं काम शिकायची जागाही मला मिळत होती. त्याचाही कागद त्यांच्याकडे होता. तीन आठवडे दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर पडून राहिले. मग एका शनिवारी फॉर्मला जोडायला जन्मदाखला हवा म्हणून मी घरच्या कागदपत्रांची जाड फाइल काढली. दाखला मिळाला. त्याच्या पाठीमागे माझं चौथीचं शिफारसपत्र होतं.

मी ते कधी वाचलं नव्हतं. वाचून बघावं म्हणून वाचलं. अवघड जर्मन शब्दांवर पप्पांनी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठी अर्थ लिहिले होते. तेव्हा त्यांचंही जर्मन नवंच होतं. 'शिफारस.' 'कुवत.' आणि शेवटच्या परिच्छेदातल्या एका लांबलचक वाक्यावर तीन ठिकाणी पेन्सिल होती. 'बंधनकारक नाही.' 'पालक.' 'ठरवतील.' खाली एक रेघ.

आई फळं कापून वरणात सोडत होती, पप्पा तिच्यासमोर लसूण सोलत बसले होते. तुषार शिकवणीला गेला होता. मी पत्र टेबलावर ठेवलं.

"पप्पा, हे अक्षर तुमचं आहे ना?"

त्यांनी पाहिलं. लसणाची पाकळी खाली ठेवली. "हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"काय माहीत होतं?" आईने विचारलं.

"मला गिम्नाझिउमला घालता आलं असतं, आई. बाईंनी फक्त शिफारस केली होती. ठरवायचं पप्पांनी होतं."

आईने गॅस बंद केला. "अहो, तुम्ही तर म्हणालात शाळेनेच ठरवलं."

"हिचं जर्मन कच्चं होतं," पप्पा म्हणाले.

"तुषारचं गणित कच्चं आहे," मी म्हटलं. "त्याला तुम्ही तीन मास्तर लावले."

"त्याला त्यांनी घेतलेलं होतं, करुणा. त्याच्या पत्रात होतं."

"पहिल्या फेरीत," मी म्हटलं. "आणि मला दुसऱ्या. पप्पा, ते सगळे आकडे मी भरलेत."

पप्पांचं तोंड असं झालं की मला वाटलं, ते आता उठून जातील. पण ते बसून राहिले. बोलले तेव्हा आवाज फार खाली होता. "मला पाच वर्षं रोज विचारलं. मेसमध्ये विचारलं, लॅबमध्ये विचारलं. तू आत कसा आलास? पहिला आलो तरी विचारलं. पत्रात नसताना मी तुला वर बसवलं असतं, तर तिथेही कुणीतरी विचारलंच असतं, ही इथे कशी. ते मला तुझ्या वाट्याला नको होतं."

"विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं."

"दहा वर्षांची होतीस तू."

"आणि मग? पुढची सहा वर्षं?"

 एक विमान गेलं, ताटं वाजली. मग पप्पा आत गेले, गिम्नाझिउमचा फॉर्म आणला, माझ्यासमोर त्यावर सही केली आणि तो माझ्याकडे सरकवला. माफी मागितली नाही. मला वाटतं, ती सही हीच त्यांची माफी होती. तेवढंच त्यांना येत होतं.

मी तो फॉर्म दिला नाही.

हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, बापाने अडवलं. बापाने अडवलं होतं हे खरं, पण शेवटी दार उघडून धरलं तेही बापानेच, आणि मी त्या दारातून गेले नाही. सोळाव्या वर्षी मला असं वाटलं की त्यांच्या सहीने वर जायचं म्हणजे त्यांना मोकळं करायचं, आणि मला त्यांना मोकळं करायचं नव्हतं. मी प्रयोगशाळेचा कागद पुढे केला आणि म्हटलं, "यावर करा." आई माझ्यावर ओरडली तशी आयुष्यात कधी ओरडली नव्हती. "तुझा बाप चुकला, अन् तू काय शहाणी निघाली का गं? नुकसान कुणाचं व्हतंय? काऊन असं करतेस?" चिडली की तिची भाषा अशी अकोल्याला जायची. पप्पांनी दुसऱ्या कागदावरही सही केली. त्या दिवशीची वरणफळं कुणीच खाल्ली नाहीत, ती आईने दुपारी अर्ल अंकलना नेऊन दिली.

शनिवारचं टेबल त्यानंतर बंद झालं. मी सकाळी सहाच्या बसने प्रयोगशाळेत जायला लागले, बाटल्या धुवायला, नमुन्यांवर चिकटपट्ट्या लावायला. माझ्यापेक्षा कमी गणित येणारी मुलं विद्यापीठातून यायची आणि मला म्हणायची, हे जरा मोजून दे. तुषार रडतखडत गिम्नाझिउममधून पास झाला, दोनदा विद्यापीठात गेला आणि दोनदा सोडून आला. दोन्ही वेळा पप्पांनी त्याला पुन्हा उभं केलं. आता तो ब्राउनश्वाइगला सायकली दुरुस्त करतो आणि आम्हा सगळ्यांत तोच सुखी आहे. मध्ये एकदा तो मला जर्मनमध्येच म्हणाला होता, "तुला काही दिलं नाही याचा तुला राग आहे. मला काय हवंय हे मलाही कुणी विचारलं नाही." मी त्याला म्हटलं, बरोबर आहे तुझं. पण मनातून मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही अर्धंच पटतं.

काम सांभाळून संध्याकाळच्या शाळेत जाऊन मी आबिटुअर दिलं, म्हणजे गिम्नाझिउमची जी शेवटची परीक्षा, ती. सोळाव्या वर्षी जे सोडलं, ते हातात यायला पुढची बारा वर्षं गेली. माझ्या वर्गात एक बेकर होता, एक दोन मुलांची आई होती. निकालाच्या दिवशी मी शाळेच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. पप्पांनी उचलला.

"पास झाले, पप्पा."

"छान," ते म्हणाले. "छान झालं गं."  मग विचारलं, "किती पडले?"

मी म्हटलं, "आईला द्या फोन."

आईलाही मी गुण सांगितले नाहीत, कारण तिने त्यांना सांगितले असते. पुढे आणखी दोन-तीनदा त्यांनी विषय काढून पाहिला, एकदा तर आजारपणात, दवाखान्याच्या पलंगावरून. मी उशी नीट केली आणि डॉक्टर कधी येणार ते विचारायला बाहेर गेले. गुण फार चांगले होते. सांगितले असते तर त्यांचा तो दिवस आनंदात गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी ते सांगितले नाहीत.